मांजराला ओलं की सुकं? पाकीट घेण्याआधीपासून वाटी धुण्यापर्यंत

बहुतेक घरांत चूक एकाच ठिकाणी होते. आधी पाकीट घरात येतं, मग मांजराचा विचार सुरू होतो. दुकानदार म्हणतो, "हे सगळेच नेतात," म्हणून ड्राय फूडची पिशवी येते, वाटी काठोकाठ भरली जाते आणि मांजर दिवसभर येता-जाता तोंड घालत राहतं. संध्याकाळी लाडाचं, ओल्या खाण्याचं एक पाऊच वेगळंच. सहा महिन्यांत पोट लोंबायला लागलं की खापर ड्राय फूडवर फुटतं. काही घरांत नेमकं उलटं होतं: "सुक्याने किडनी जाते" असं कुणीतरी सांगतं, मग सुकं एका रात्रीत बंद आणि दिवसाला दोन पाऊच सुरू. मांजर वाळतं, रात्रभर ओरडतं, आणि घरातले म्हणतात, "ओलं हिला मानवत नाही."

माझं मत आधीच सांगून टाकते. धडधाकट, घरातच राहणाऱ्या मांजरासाठी मुंबईत दोन्ही मिळून दिलेलं सगळ्यात बरं पडतं: आपण घरी असतो त्या दोन वेळांना ओलं, आणि मधल्या वेळेला मोजून सुकं. पण किती आणि कसं, हे क्रमाने गेलं तरच जमतं.

१. आधी मांजर, मग दुकान

वजन करा. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा आणि वजाबाकी करा. आता दोन्ही हातांचे अंगठे पाठीवर ठेवून बोटं बरगड्यांवरून फिरवा. हलक्या हाताने बरगड्या लागल्या की ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर मांजर जाड आहे. नुसत्या डोळ्यांना दिसल्या तर बारीक. केसाळ मांजराच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका, बोटंच खरं सांगतात.

मग वय, नसबंदी झाली आहे का, बोका की मांजरी, आणि जुनी दुखणी हे सगळं एका कागदावर लिहा. निम्मा निर्णय या कागदावरच होतो. लघवीचा त्रास होऊन गेलेला बोका, किडनीचं दुखणं असलेलं किंवा कायम बद्धकोष्ठ असलेलं मांजर, दात गेलेली म्हातारी मांजरी, यांना जास्तीत जास्त ओलं. सुक्या खाण्यात पाणी जेमतेम ८ ते १० टक्के असतं, पाऊचमध्ये ७५ ते ८५ टक्के. मांजराला तहान मुळात कमी लागते. सुकं खाणारं मांजर वाटीतलं पाणी थोडं जास्त पितं, पण तूट पूर्ण भरून काढत नाही. ओलं खाणाऱ्याच्या पोटात एकूण पाणी जास्त जातं आणि लघवी पातळ राहते. ओल्याचा खरा फायदा हाच. सुकं खाल्ल्यामुळेच किडनी जाते, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

सुकं चावून दात साफ राहतात, हाही गैरसमजच. दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, नाहीतर अख्खाच गिळला जातो. दातांसाठी मुद्दाम बनवलेलं खाणं वेगळं असतं. नेहमीच्या दाण्यांवर दातांची जबाबदारी टाकू नका.

मधुमेहाचं इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं बदलू नका. सुक्यावरून ओल्यावर गेलं की इन्शुलिनची गरज अचानक उतरू शकते आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी दिलेलं औषधी खाणं चालू असेल तर त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही, एक चमचाही नाही.

*सावधान: बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या पेटीत) जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही पडत नाहीये, तर ओलं-सुकं हा विषय बाजूला ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो, महालक्ष्मीचं टाटांचं प्राण्यांचं हॉस्पिटल असो की कोपऱ्यावरचे डॉक्टर. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. "बद्धकोष्ठ असेल" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.*

२. पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला माशाचं चित्र असतं. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात.

पहिली गोष्ट शोधायची ती 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द, आणि ते कोणत्या वयासाठी. अमेरिकेची एएएफसीओ किंवा युरोपची फेडिआफ या संस्थांचे पोषणाचे निकष पाळल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट', 'टॉपर' असं लिहिलेलं असेल तर ते जेवण नव्हे. नळीतून पिळून चाटवायचं क्रीमी ट्रीट आणि काही पारदर्शक रश्श्यातली नुसत्या मांसाच्या तुकड्यांची पाऊच याच जातीची. ती खाऊन मांजर खूश होतं, पोषण मात्र अपुरं राहतं. अशा सगळ्या वरखाऊचा वाटा दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांपुढे जाता कामा नये.

दुसरी गोष्ट टॉरिन, म्हणजे मांस-माशांत असणारं एक अमिनो आम्ल. मांजराला ते शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, अन्नातून मिळावंच लागतं. कमी पडलं तर हृदयाचे स्नायू सैल होतात आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

तिसरी गोष्ट प्रोटीनचा आकडा, आणि इथे जवळपास सगळेच फसतात. सुक्याच्या पिशवीवर ३२ टक्के, पाऊचवर ९ टक्के. म्हणजे पाऊच निकृष्ट? मुळीच नाही. आधी पाणी वजा करा. पाऊचमध्ये ८४ टक्के पाणी असेल तर कोरडा ऐवज १६ भाग, त्यात ९ भाग प्रोटीन म्हणजे ५६ टक्के. पिशवीत १० टक्के पाणी, उरले ९०, त्यात ३२ म्हणजे साधारण ३६ टक्के. तुलना या दोन आकड्यांची करायची. एएएफसीओच्या निकषानुसार कोरड्या ऐवजात प्रोटीन मोठ्या मांजराला किमान २६ टक्के आणि पिल्लाला ३० टक्के लागतं.

आता घरच्या खाण्याबद्दल, कारण हा प्रश्न येतोच. दूधभातावर मांजर जगतं, पण धड नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. नुसतं उकडलेलं चिकन दिलं तर कॅल्शियम मिळत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. कोळीण दारावर आली की मांदेलीचा एक हप्ता मांजराचा, ही आपली जुनी रीत. पण कित्येक कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, म्हणून मासा उकडून, काटे काढून, आणि चवीपुरताच. खारवलेला सुका मासा नको. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर बिलकुल नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

*तपासा: तुमच्या हातातल्या प्रत्येक पाकिटावर 'कम्प्लीट' हा शब्द, वयोगट आणि मुदतीची तारीख सापडली का? तिन्हीपैकी एक जरी नसेल तर ते परत रॅकवर.*

३. हिशोब करा, वाटी नंतर भरा

फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. मांजराचं वजन किलोत घ्या, त्या आकड्याला त्यानेच गुणा, आलेल्याला पुन्हा त्यानेच गुणा, मग लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. चार किलोसाठी: ६४, मग ८, मग २.८३, म्हणजे साधारण २०० किलोकॅलरी. ही निव्वळ पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या घरातल्या मांजरासाठी याला १.२ ने गुणा, २४० येतात. तीन किलोला १९०, पाच किलोला २८०. मांजर जाड असेल तर आजचं वजन न धरता असायला हवं ते धरा. पिल्लांचा हिशोब वेगळा, त्यांना वजनाच्या मानाने दुपटीच्या आसपास लागतं.

आता खाण्यात किती आहेत ते बघा. पाकिटावर किलोकॅलरी छापलेल्या असल्या तर प्रश्नच मिटला. नसल्या तर शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ॲश (म्हणजे खनिजं) आणि मॉइश्चर (पाणी) वजा करा; उरलं ते कार्बोहायड्रेट. ॲश लिहिलेली नसेल तर सुक्यात ८ आणि ओल्यात २ धरा. मग प्रोटीन गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, कार्बोहायड्रेट गुणिले ३.५, आणि तिन्हींची बेरीज. वरच्याच उदाहरणात सुक्यात फॅट १० आणि फायबर ४ धरलं तर १०० ग्रॅमला ३२३ किलोकॅलरी येतात. पाऊचमध्ये फॅट ३ आणि फायबर अर्धा धरलं तर १०० ग्रॅमला ६२, म्हणजे ८० ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये जेमतेम ५०.

म्हणजे चार किलोच्या मांजराचं पोट नुसत्या सुक्यावर भरायचं तर दिवसाला ७४ ग्रॅम पुरतात. नुसत्या पाऊचवर भरायचं तर जवळपास पाच पाऊच लागतात! दिवसाला दोन पाऊच घालून "खातं की भरपूर" म्हणणाऱ्या घरातलं मांजर निम्म्याहून जास्त उपाशी असतं. आणि ७४ ग्रॅम म्हणजे चहाचा एक कप, तोही पुरता भरत नाही. दिवसभर भरून ठेवलेल्या वाटीत यापेक्षा किती जास्त जातं ते एकदा मोजून बघाच.

मिश्र बेत असा: दोन पाऊच म्हणजे १०० किलोकॅलरी, उरलेल्या १४० साठी ४३ ग्रॅम सुकं. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून साधारण २०० मिलि पाणी लागतं. दोन पाऊचमधूनच सव्वाशेच्या वर जातं, बाकीचं वाटीतून. नुसत्या सुक्यातून मिळतं ७ मिलि.

पैशाचा हिशोबही १०० किलोकॅलरीमागे करा, पाकिटामागे नव्हे. समजा पाऊच ४५ रुपयांचं आणि सुकं ४०० रुपये किलो. मग नुसतं ओलं महिन्याला साडेसहा हजारांच्या घरात जातं, नुसतं सुकं नऊशेच्या आत बसतं, आणि मिश्र बेत तीन हजार दोनशेच्या आसपास. तुमच्या दुकानातले भाव घालून आकडे काढा. खिशाला दिवसाला एकच पाऊच झेपत असेल तर एकच द्या आणि सुकं त्या मानाने वाढवा. यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

*सावधान: डोळ्यांच्या अंदाजाने सुकं घालू नका. साधा किचन वजनकाटा घ्या. रोजचे १० ग्रॅम जास्त म्हणजे ३२ किलोकॅलरी जास्त, आणि चार किलोच्या जिवासाठी हा आकडा लहान नाही.*

४. तुमचं घड्याळ

सकाळी ७:४० ची लोकल आणि रात्री साडेआठला घरी, ही वेळ असेल तर दुपारचं ओलं खाणं विसरा. बंद घरात, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, उघडं पाऊच दोन तासांत वास मारायला लागतं. ओलं सकाळी निघण्याआधी एकदा आणि रात्री आल्यावर एकदा. मधल्या १२ तासांसाठी मोजलेलं सुकं, एका वाटीत ओतून न देता अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये दाणे पसरून. मांजर पंजाने एकेक दाणा काढत बसतं, वेळ जातो आणि अधाशासारखं खाऊन ओकण्याचं प्रमाणही कमी होतं. ऑटोमॅटिक फीडर घ्यायचा तर तो सुक्यासाठीच.

घरात आजी-आजोबा असतील तर काम सोपं होतं आणि अवघडही. वाटी वेळेवर उचलली जाते, पण मांजर पायात घोटाळलं की हात डब्याकडे जातो. यावर एकच उपाय चालतो: दिवसाचं सुकं सकाळीच मोजून एका छोट्या डबीत काढायचं. ज्याला द्यायचं त्याने त्यातूनच द्यायचं. डबी रिकामी झाली की उद्या सकाळी.

दोन मांजरं असतील तर ओलं वेगवेगळ्या खोल्यांत. वन-बीएचकेत हे कसं करायचं? एकाला बाथरूममध्ये, दार लावून, २० मिनिटं.

५. खरेदी आणि साठवण

कुठून घेताय याला महत्त्व कमी, बंद पाकीट घेताय याला जास्त. क्रॉफर्ड मार्केटपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत, मोठ्या पोत्यातून किलोवर सुटं काढून देणारे आहेत. स्वस्त पडतं, पण मुदत कळत नाही, घटक कळत नाहीत आणि पोतं किती दिवस उघडं आहे तेही कळत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर सुटं घेऊच नका. दमट हवेत दाण्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि काही बुरशींचं विष यकृतावर जातं.

पावसाळ्यात सात किलोची पिशवी स्वस्त म्हणून उचलण्यात फायदा नाही. दिवसाला ४३ ग्रॅम लागत असतील तर १.२ किलोची पिशवी चार आठवडे पुरते, आणि उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपलेली बरी. दाणे मूळ पिशवीतच ठेवा, तोंड घट्ट गुंडाळून क्लिप लावा आणि पिशवीच हवाबंद डब्यात ठेवा. दाणे थेट डब्यात ओतले की जुन्या चरबीचा थर डब्याला राहतो आणि नवा माल त्यात खवट होतो. फ्रिजमध्ये सुकं ठेवू नका, बाहेर काढताच दाण्यांवर दव धरतं. मऊ पडलेले दाणे उन्हात किंवा तव्यावर कुरकुरीत करून देण्याचा उद्योग करू नका. फेकून द्या.

पाऊच फुगलेलं असेल तर न उघडता टाका. अर्धं उरलेलं पाऊच झाकणाच्या स्टीलच्या डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवसाच्या आत संपवा.

६. बदल हळूहळू

७ ते १० दिवस लागतात. पहिले दोन-तीन दिवस नवं पाव हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. हिस्से किलोकॅलरीचे धरायचे, चमच्यांचे नव्हे. मधेच जुलाब झाले तर एक पायरी मागे या आणि तिथेच तीन दिवस थांबा. दिवाळीचे फटाके, घराचं रंगकाम, घर बदलणं अशा दिवसांत हे काम काढू नका. घाबरलेलं मांजर ओळखीचंही खात नाही, तर नवं कुठलं खाणार.

खरी डोकेदुखी म्हणजे आयुष्यभर दाणे खाल्लेलं, पाऊच हुंगून माती उकरल्यासारखा पंजा मारून निघून जाणारं मांजर. त्याच्यासाठी क्रम असा. आधी ओल्याचं नावही काढू नका. आठवडाभर फक्त दिवसभराची वाटी बंद करून वेळा लावा: सकाळ, संध्याकाळ, रात्र, २०-२५ मिनिटांनी वाटी उचलायची. भूक वेळेवर लागायला लागली की दाण्यांच्या शेजारी, वेगळ्या बशीत, एक चमचा ओलं. दाण्यांत कालवू नका, नाहीतर दाणेही सोडेल. चार-पाच दिवस नुसतं शेजारी राहू द्या. मग त्या ओल्यावर दोन दाणे चुरून भुरभुरवा. ओलं कोमट असायला हवं: डबी गरम पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं ठेवली की अंगाच्या उबेइतकं होतं आणि वास सुटतो. फ्रिजमधलं गारेगार खाणं नाकारणारं मांजर पुष्कळदा चवीला नव्हे, गारव्याला नाकारत असतं. ग्रेव्ही नको म्हणालं तर मूस किंवा जेली देऊन बघा.

पिल्लू घरात असेल तर सहा महिन्यांच्या आत दोन्ही प्रकारांची सवय लावा. पुढे एखादं दुखणं आलं आणि खाणं बदलावं लागलं, तर ही लढाई टळते.

*सावधान: "भूक लागली की खाईल झक मारत" हा हट्ट मांजराशी चालत नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं द्या आणि डॉक्टरांना फोन करा. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. पिल्लाच्या बाबतीत तर चोवीस तासही थांबू नका.*

७. वाढणं आणि आवरणं

ओल्याला पसरट बशी, पाण्याला रुंद वाटी, स्टीलची किंवा चिनी मातीची. पाणी खाण्याच्या शेजारी नको, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, आणि लिटर बॉक्सपासून लांब. ओलं अर्ध्या तासात उचला. दाण्यांवर कोमट पाणी घालून दिलं तर चालतं, पण मग तेही ओलंच समजा आणि उरलेलं तासाभरात टाका.

मुंग्या येणार, हे गृहीत धरा. थाळीत बोटभर पाणी घालून त्यात मांजराची बशी ठेवा, झालं. मुंग्या-झुरळांचा खडू वाटीभोवती ओढू नका. त्यात पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, मांजराच्या शरीराला ते नीट निपटता येत नाही, आणि मांजर रेघेवरून चालून पंजे चाटतं.

रिकामं पाऊच विसळून सुक्या कचऱ्यात टाका. मांजराचं ओलं खाणं शेवटी सुक्या कचऱ्यातच जातं, त्याला इलाज नाही.

८. दर पंधरा दिवसांनी

वजन करा आणि त्याच कागदावर लिहा. वाढत असेल तर एकूण १० टक्के कमी करा, आणि तेही सुक्यातून. जाड मांजराचं वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरलं तर योग्य, चार किलोला ४० ग्रॅम. त्याहून फार वेगाने उतरत असेल तर प्रमाण वाढवा.

लिटर रोज उपसताना लघवीचे गोळे मोजा. ओलं सुरू झालं की गोळे मोठे होतात आणि लिटर लवकर संपतं. हे चांगलं लक्षण आहे, पण महिन्याच्या खर्चात धरून ठेवा. खाण्यात काही बदल नसताना गोळे अचानक मोठे झाले किंवा पाण्याची वाटी लवकर रिकामी व्हायला लागली, तर किडनी आणि साखर तपासून घ्या.

गणपतीला गावी जायचं असेल आणि मांजर शेजारच्या काकूंच्या भरवशावर राहणार असेल, तर निघायच्या आधी आठवडाभर नवं काहीही सुरू करू नका. रोजचं सुकं मोजून वेगवेगळ्या डब्यांत भरा, झाकणावर वार लिहा, तितकी पाऊच रबर लावून शेजारी ठेवा. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि काकूंना बजावून ठेवा की मोदक, दूध, प्रसादाचा शिरा यांतलं काही द्यायचं नाही, मांजर कितीही तोंडाकडे बघत बसलं तरी.